चहाच्या बागेत नेलेला डबा

चहाच्या बागेत राहायला निघालो तेव्हा आईने घरून चहापत्ती घेतली होती. किलोभराचा पत्र्याचा डबा, झाकणावर फडकं आणि फडक्यावर सुतळी. मी म्हटलं, अगं आई, आपण चाललोय तिथे चहाशिवाय दुसरं काही उगवत नाही. तर म्हणाली, उगवू दे की, तो ह्यांच्या हातचा थोडाच असणार आहे. मी कपाळाला हात लावला. माझा नवरा डिकी बंद करता करता हसत होता, त्याला काय जातंय हसायला.

‘ह्यांच्या’ म्हणजे माझ्या बाबांच्या. इंदूरच्या मल्हारगंजात बाबांचं खुल्या चहापत्तीचं दुकान होतं, चाळीस वर्षं. दुकान कसलं, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला बाहेर पडावं लागेल एवढी जागा. पण आसामची दाणेदार, दार्जिलिंगची पानं, नीलगिरीची पत्ती अशी पोती असायची आणि बाबा प्रत्येक घरासाठी वेगळं मिश्रण करायचे. कोणाकडे दूध म्हशीचं, कोणाकडे सासऱ्यांना कडक लागतो, कोणाची सून आलं घालते, सगळं त्यांना तोंडपाठ. मूठभर पत्ती घ्यायची, मूठ तोंडाशी नेऊन आत गरम वाफ सोडायची, मग नाक लावायचं. ‘अजून चिमूटभर आसाम,’ असं स्वतःशीच म्हणायचे. तराजू नंतर, नाक आधी.

मग ती ताप-खोकल्याची साथ आली. बाबा बरे झाले, पण त्यांचं नाक गेलं. अगरबत्ती कळेना, फोडणी जळली तरी कळेना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, ओळखीचे वास घेत राहा. सहा महिने गेले, आठ गेले. एके दिवशी बाबांनी शटर ओढलं आणि घरी येऊन सोफ्यावर बसले. नाकच नाही तर तिथे बसून माश्या मारू काय, म्हणाले. त्यानंतर राजेंद्र नगरच्या घरात त्यांचा दिवस सरता सरेना. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायचे आणि पेपर घेऊन बसायचे. तो इस्त्रीचा शर्ट बघून मला राग यायचा. कोणावर, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

बागेची कल्पना माझी. आयुष्यभर ज्या पानावर घर चाललं ते झाडावर कसं दिसतं, हे बाबांनी कधी बघितलंच नव्हतं. नीलगिरीतल्या एका टी इस्टेटवर छोटी कॉटेज भाड्याने मिळत होती. मनात म्हटलं, एवढा चहा एका जागी असेल तर नाक येईलच. बाबा आढेवेढे घेत होते. शेवटी आई म्हणाली, चला हो, तिथे वास आला तर दुकान उघडायचं, नाही आला तर विकून मोकळं व्हायचं. बाबांनी मान हलवली. म्हणजे तो प्रवास तसा साधा नव्हताच.

इंदूर ते नीलगिरी गाडीने म्हणजे तीन दिवस. खलघाटाला नर्मदा ओलांडायच्या आत आईची शेवेची पिशवी उघडली होती. सोलापुरात हॉटेलवाल्याने पोहे दिले तर आईने पर्समधून जीरावनची, आमच्या इंदुरी मसाल्याची, पुडी काढून त्यावर भुरभुरवलं आणि त्या बिचाऱ्याला ऐकवलं की पोह्यांवर हे नसेल तर त्याला पोहे म्हणायचंच कशाला. नवरा जीपीएसशी भांडत होता आणि मी नवऱ्याशी. बाबा मात्र पुढच्या सीटवर गप्प. आधी कुठेही गेलो तरी टपरीवरचा पहिला घोट घेऊन ते निकाल द्यायचे: ‘पत्ती उकळून मारलीन’, ‘भिया, मसाला कमी कर, चहाला बोलू दे’. आम्हाला लाज वाटायची. ह्या प्रवासात त्यांनी अकरा ठिकाणी चहा घेतला आणि प्रत्येक ठिकाणी नुसतं ‘बरा आहे’ म्हणाले. मला वाटत होतं, भांडा ना बाबा, एखाद्या टपरीवाल्याशी तरी भांडा.

आणि तो डबा. आईने तीन दिवस तो पायांमध्ये धरून ठेवला. बंगळुरूच्या पुढे मला चहाची तल्लफ आली, म्हटलं उघड, लॉजवाल्याकडून गरम पाणी मागू. नाही म्हणाली. कॉटेजवर पोचल्यावर तरी उघड म्हटलं, तर तेव्हाही नाही. मी चिडलेच. पंधराशे किलोमीटर मिरवायलाच आणला होतास का, असं फटकन बोलून गेले.

कॉटेज छान होती, खोटं कशाला बोलू. लाल पत्र्याचं छप्पर, दारातच उतार आणि उतारावर कमरेएवढी चहाची झुडपं, नजर जाईल तिथपर्यंत. तिथला म्हातारा केअरटेकर मोडक्या हिंदीत म्हणाला की आज सुट्टी, फॅक्टरी बंद, पण बाग बघा. त्याने ट्रेमधून चहा आणला, दूध वेगळं, साखर वेगळी. आईने त्या ट्रेकडे असं बघितलं की जणू त्याने जेवणात भाजी आणि फोडणी वेगळी वाढलीय. बाबांनी मात्र कप तसाच ठेवला आणि चपला घालून उतरायला लागले.

आम्ही मागे गेलो. ऊन कोवळं होतं. बाबा एका झुडपापाशी थांबले, त्यावरून हात फिरवला, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवतात तसा. मग वरची दोन पानं आणि कळी खुडली, तळहातावर चोळली, मूठ मिटली. मूठ तोंडाशी नेली, वाफ सोडली, नाक लावलं. दुकानात करायचे तसंच सगळं, त्याच क्रमाने. आई माझ्या दंडाला धरून उभी होती, तिची बोटं रुतत होती.

बाबांनी डोळे मिटले. ‘आला,’ म्हणाले. ‘अगदी दुकानातला वास. कडक.’

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. नवरा मोबाइल काढून फोटो घ्यायला लागला. मीही आनंदाने एक पान खुडलं, चोळलं, नाकाला लावलं.

त्याला चहाचा वास नव्हता. गवताचा होता. ओल्या, नुकत्या कापलेल्या गवताचा, बस. चहाला चहाचा वास येतो तो पान सुकवून, चुरडून, आंबवून, भाजून झाल्यावर. हे मला नंतर केअरटेकरने सांगितलं, पण कळायचं ते मला तिथेच कळलं. चाळीस वर्षं चहा विकलेल्या माणसाने झाडावरचं पान आयुष्यात पहिल्यांदाच हातात धरलं होतं. झाडावरही तो दुकानातल्यासारखाच महकत असणार, असंच त्यांनी धरलं होतं. म्हणून खोटं बोलतानाही नेमकं तेच बोलले.

मी पान खाली टाकलं.

परत आल्यावर आठव्या दिवशी बाबांनी शटर उघडलं. इस्त्रीचा शर्ट घालून गेले. अंदाजाने मिसळायचे, आठवणीने मिसळायचे. मूठ तोंडाशी न्यायचेच. चहा कधी पाणचट व्हायचा, कधी इतका कडू की दुसरा घोट जायचा नाही. जुनी गिऱ्हाईकं तरी येत राहिली. एक आजोबा तर समोर उभं राहून म्हणाले, ‘क्या बात है भिया, वही बात.’ बाबा दिवसभर खूश. आम्ही घरी तोच चहा प्यायचो आणि मी माहेरी गेले की आई कप पुढे करून विचारायची, कसा झालाय. मी म्हणायचे, फर्स्ट क्लास. बाबांच्या चेहऱ्याकडे बघत म्हणायचे. अडीच वर्षं असं चाललं. मग बाबा गेले, दुकानातून घरी येऊन, शर्टसकट.

आता माझ्या घरी चांगला चहा असतो. पाकिटातला, रोज सारखा. आणि मला तो बिघडलेलाच हवा असतो. तो कडू कप आणि समोर बसलेले बाबा, ‘जमलंय ना बेटा’ म्हणणारे. कितीदा तरी वाटतं, एक कप, फक्त एकच.

गेल्या महिन्यात आईकडे गेले होते. स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर तो डबा दिसला. फडकं तेच, सुतळी तीच, गाठ तशीच. म्हटलं, हा अजून उघडला नाहीस? आई पोळ्या लाटत होती. हात न थांबवता म्हणाली, तो ताप येण्याआधीचा आहे. ह्यांनी नाकाने मिसळलेला शेवटचा किलो. बागेत नाक आलं म्हणाले तर ह्याच्यावर खरं-खोटं करता येईल, म्हणून नेला होता.

‘मग तिथे उघडला का नाहीस?’

‘पान मीही हुंगलं होतं गं,’ ती म्हणाली. ‘डबा उघडला असता तर त्यांना कळलं असतं की मला कळलंय.’

मी फळीवरून डबा काढला. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि सुतळी स्वतः सोडली. एक मूठ माझ्या हातात दिली. मी मूठ तोंडाशी नेली, वाफ सोडली, नाक लावलं. एवढी वर्षं बंद राहिलेली पत्ती. पत्र्याचा वास येत होता, थोडा फडक्याचा. चहाचा नाही.

‘येतोय का?’ आईने विचारलं.

मी डोळे मिटले. ‘येतोय,’ म्हटलं. ‘अगदी दुकानातला.’

आईने माझ्या मुठीतली पत्ती एकही दाणा न सांडता डब्यात घेतली. झाकण लावलं, फडकं बांधलं, गाठ मारली.

‘तेही असेच डोळे मिटून म्हणाले होते,’ ती म्हणाली आणि डबा मला परत वर ठेवायला सांगितला.