पाहुण्याचं मूळ गाव

बाबा व्हिजिट व्हिसावर आले की अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये जणू जनगणना सुरू होते. समोर वॉचमन असो की टॅक्सीवाला, बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला: मूळ गाव कोणतं? गाव कळल्याशिवाय त्यांना माणूस पटतच नाही. लिफ्टमध्ये एका पठाणाची त्यांनी जिल्ह्यापासून नदीपर्यंत अशी चौकशी केली, की तो बिचारा मजला चुकला.

म्हणून ऑफिसातल्या अमेरिकन सहकाऱ्याला जेवायला बोलावलं तेव्हा मी धास्तावलोच होतो. वरणभात वाढून होतो न होतो तोच प्रश्न आला. तो म्हणाला, मिशिगन. बाबा म्हणाले, ते राज्य झालं, गाव विचार.

तो गोंधळला. इथे त्याला लोकांनी पगार विचारला होता, धर्म विचारला होता, गाव कोणी विचारलं नव्हतं. मग सांगत गेला. त्याच्या आईकडचे लोक ओडावा, म्हणजे तिथले आदिवासी. मोठ्या सरोवराकाठी त्यांची वस्ती होती. लाकडी घरं, छोटं चर्च, सफरचंदाची झाडं. वसंतात मेपलच्या झाडांचा रस आटवून साखर करायचे. पुढे कागदपत्रांच्या खेळात जमिनी गेल्या, लाकूडवाल्यांनी जंगल साफ केलं आणि माणसं पोटामागे शहरात गेली. आता तिथे नुसतं गवत आहे, नकाशावर नावसुद्धा नाही. "सो, नो व्हिलेज," तो हसून म्हणाला.

बाबांना हे पटेना. गाव आहे की नाही हे ठरवायची त्यांची स्वतःची पद्धत आहे आणि तिच्यात नकाशाला काडीचीही किंमत नाही.

"त्याला विचार, जत्रा भरते का?"

जत्रेला इंग्रजी शब्द शोधता शोधता माझं जेवण गार झालं. पण त्याला समजलं. वस्तीची दफनभूमी तेवढी उरली होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सगळे तिथे जमतात, पांढरे क्रॉस पुसतात, मेणबत्त्या लावतात. मग घरी, गेलेल्यांच्या नावानं स्वयंपाक होतो आणि दारात येईल तो जेवतो. हे सगळं त्याची मावशी एकटी ओढत होती. यंदा तिचे गुडघे गेले होते. कोणी आलं नाही तर ते जेवण बंदच पडणार होतं. आई गेल्यापासून तो स्वतःही तिकडे फिरकला नव्हता.

"मग गाव आहे की," बाबा म्हणाले. "जा म्हणावं त्याला."

गंमत अशी की नोव्हेंबरातच आमच्या प्रोजेक्टचा हँडओव्हर होता आणि सगळ्यांच्या रजा अडवणारा मीच. गावची जत्रा हे कारण सांगणाऱ्या मराठी पोरांची मी नेहमी टर उडवायचो. आता अमेरिकनानं तेच कारण दिलं. घरात बाबा बसलेले असताना नाही म्हणायची माझी काय टाप? रजा दिली आणि क्लायंटला इन्शाल्ला, इन्शाल्ला म्हणत मी तो महिना ढकलला.

निघण्याआधी तो बाबांना भेटायला आला. बाबांनी त्याला बेसनाच्या लाडवांचा डबा दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला सांग, तिथे आमच्या हिचंही एक पान वाढ."

आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. एवढं साधं वाक्य मला इंग्रजीत सांगता येईना. रडू आलं, ते मी खोकून घालवलं आणि कसंबसं सांगितलं.

त्यानं फोटो पाठवला. मावशीच्या टेबलाभोवती माणसं दाटीवाटीनं बसली होती. मधे एका ताटात मासा, भोपळा आणि आमचा लाडू होता. आई विमानाला घाबरायची, अबू धाबीलासुद्धा कधी आली नाही. बाबांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"भात नाही वाढला," ते म्हणाले. "पण जेवली असेल."