सख्खी की मानलेली

रताळ्याच्या शिऱ्यावर जायफळ किसलं की मला आयर्लंडमधल्या ल्यूकनचं आमचं भाड्याचं घर आठवतं. साल २०१६. रेवा बारा दिवसांची होती, आईचा व्हिसा अडकला होता आणि नवऱ्याची रजा संपली होती. भर दुपारी मी एकटीच रडवेली होऊन बसले होते.

तेवढ्यात ऑफिसमधली डनीज आली. अमेरिकेतली, कृष्णवर्णीय, माझ्याहून बरीच मोठी. हातात रताळ्याची गरम पाई, जायफळाचा घमघमाट, आणि सोबत एक उंच बाई. "ही माझी बहीण," ती म्हणाली.

चेहऱ्यात काही साम्य दिसेना. इंग्रजीत 'सख्खी'ला शब्द सुचेना, तरी सवयीने विचारलंच, "रिअल सिस्टर की कझिन?"

"रिअल. आज सकाळीच पहिल्यांदा भेटलो."

मग बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत डनीजने सांगितलं. शंभरेक वर्षांपूर्वी, अमेरिकेत काळ्या मुलींना कॉलेजात जेमतेम जागा मिळायची तेव्हा, काही विद्यार्थिनींनी भगिनीमंडळ काढलं. आपण शिकायचं आणि ते शिक्षण लोकांच्या कामी आणायचं, ही त्यांची शपथ. आजही या दोघींसारख्या मंडळातल्या बहिणी मुलींना शिकवतात, मतदार नोंदवतात, अडलेल्या घरी जेवण पोचवतात.

म्हणजे मानलेली बहीण, मी मनात म्हटलं. "पण मी कुठे तुमच्या मंडळातली?"

"तू जेवलीस का, ते सांग," उंच बाई म्हणाली आणि तिने सुरी मागितली.

काल रेवाने फ्रिजवरच्या डनीजच्या फोटोकडे बोट दाखवून तिच्या आयरिश इंग्रजीत विचारलं, "इज शी माय रिअल मावशी?"

"सख्खी," मी म्हटलं.