चावीकाकांचं दुसरं कुलूप

बाजाराच्या तोंडाशी, चपला शिवणाऱ्याच्या शेजारी, चावीकाकांची टपरी होती. टपरी कसली, उभं राहिलेलं कपाटच ते. आत काका, एक स्टूल, किल्ल्या घासायचं यंत्र आणि खिळ्यांना लटकलेल्या हजार कोऱ्या किल्ल्या. वारा आला की सगळ्या किणकिणायच्या. चपलावाला म्हणायचा, "काका, तुमचं दुकान हसतंय बघा." काका म्हणायचे, "हसू दे, गिऱ्हाईक नसलं की तेवढीच सोबत."

काकांचा एक नेम होता. कुठल्याही दाराला एक कुलूप पुरत नाही. एकदा बँकेतले एक साहेब कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले आणि मागे दार आपटून बंद झालं. साहेब कमरेला टॉवेल लावून रस्त्यावरच्या लोकांना हाका मारताहेत. काका गेले, दार उघडलं, साहेबांना आत घेतलं आणि निघताना त्याच दाराला दुसरं कुलूप बसवायचं म्हणून माप घेऊ लागले. साहेब म्हणाले, "अहो, एकानंच माझी ही शोभा झाली." काका म्हणाले, "साहेब, एक कुलूप म्हणजे एक डोळा. झोप लागली की संपलं. दोन असले की एक जागा राहतो."

घरीही तेच. पुढच्या दाराला दोन, कपाटाला दोन, सायकललासुद्धा दोन. बायको म्हणायची, "साखरेच्या डब्याला तेवढं लावायचं राहिलंय. मुंग्यांवर तुमचा भरवसा दिसतो."

तर अशा या माणसाला वयाच्या साठीनंतर मोटारींच्या शर्यतीचं वेड लागलं, ते मुलीमुळे. मुलगी एकुलती एक, घरात तिला बारकी म्हणत. बापाची बोटं घेऊन जन्माला आलेली. दूरच्या शहरात एका दवाखान्यासाठी खोटे दात बनवायची. दात घासून घासून असा बसवायची की म्हातारी माणसं आरशात बघून लाजायची. लग्न होऊन गेली तेव्हा आपला जुना गेमचा डबा, म्हणजे कन्सोल, घरीच ठेवून गेली आणि तिकडे नवा घेतला. दर रविवारी दुपारी दोघं इंटरनेटवरून एकाच शर्यतीत उतरायची. काकांच्या डोक्यावर हेडफोन, तोंडापुढे माइक, हातात कंट्रोलर. काकांची गाडी कायम शेवटची. बारकी हसायची, "बाबा, वळणावर इंडिकेटर देत बसू नका. मागे कोणी नाहीये."

फोनवर बारकी बोलायची नाही. 'बरी आहे', 'जेवले', 'ठेवते', एवढंच. पण गाडी हाकताना तिची जीभ सैल सुटे. डोळे रस्त्यावर, हात कामात, मग माणूस मनातलं बोलून जातो. नवरा घर सोडून गेला हेही तिनं असंच, एका लांब पुलावरून गाडी नेताना सांगितलं. काकांची गाडी कठड्यावर आदळली. ती म्हणाली, "चालवत राहा, बाबा." ते चालवत राहिले.

त्यानंतर रविवार हाच तिचा आधार होता आणि त्यांचाही. आईनं येते म्हटलं तर बारकीनं बजावलं होतं, "कोणी यायचं नाही. आलात तर मी दार उघडणार नाही." अख्ख्या बाजाराची दारं उघडणारा माणूस, पण मुलीचं दार ती नको म्हणत असताना कसं उघडणार?

आणि नेमकं तेव्हाच घरातलं जुनं नेट बंद पडून नवं आलं. वायरमन आला, भिंतीला नवा पांढरा राउटर ठोकला, फोनवर सिनेमा लावून दाखवला आणि गेला. रविवारी काकांनी कन्सोल लावला. बारकीचं नाव पडद्यावर दिसत होतं. काकांनी बोलावणं धाडलं. पडद्यावर आलं, जोडता आलं नाही. पुन्हा धाडलं. पुन्हा तेच. नेटवर्कच्या तपासणीत एक शब्द उमटायचा, 'कडक'. काय कडक, कशाला कडक, कोण सांगणार?

वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, "हिरवा दिवा आहे की, काका. नेट मस्त आहे."

"पण माझी मुलगी येत नाही त्यातून."

"मग मुलीला सांगा," म्हणाला आणि गेला.

पुढच्याही रविवारी तेच. काकांनी वायर बदलली. आपला राउटर कपाटावर ठेवला, खिडकीत ठेवला. फोनवर कोणाकोणाचे व्हिडिओ बघून राउटरच्या आत शिरले, खेळासाठी लागणारे पोर्ट, म्हणजे बारीक बारीक दरवाजे, आकडे टाकून एकेक उघडले. कन्सोल आपला 'कडक'च. बायको म्हणाली, "आता त्याला तेल लावून अंघोळ घालायची तेवढी राहिलीय." पण म्हणताना तिचा आवाज हलला, कारण तिनंही सकाळपासून बारकीला तीनदा फोन लावला होता आणि उचलला गेला नव्हता.

मग एका शनिवारी बारकीचा मेसेज आला. 'बाबा, राहू दे ते गेमचं. आता नाहीतरी कशाला.'

काकांनी तो वाचला. बायकोला दाखवला. तिनं चष्मा लावून वाचला, काढून पुसला, पुन्हा वाचला. 'आता नाहीतरी कशाला' या शब्दांपाशी दोघं नुसती बसून राहिली. दातांच्या दवाखान्यात फोन केला तर कळलं, ती बरेच दिवस कामावरच आलेली नाही.

रविवारी टपरी उघडलीच नाही. सकाळी काकांनी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. बाजा वाजत राहिला, माणूस लागेना. काका फोन कानाला लावून खोलीभर फिरत होते. शेवटी एका मुलीचा आवाज आला.

"बोला काका, काय अडचण?"

"माझी मुलगी अडचणीत आहे," काका म्हणाले, मग सावरले. "म्हणजे गेम जोडला जात नाही. मी सगळे पोर्ट उघडलेत. तरी बंदच."

"कुठल्या राउटरमध्ये उघडलेत?"

"माझ्या. जुन्या नेटच्या वेळचा घरात होता, त्यात."

"आणि आम्ही बसवलेला?"

"तोही आहे. त्याच्यातून वायर माझ्यात आणलीय, माझ्यातून कन्सोलला. वायरमन गेल्यावर मीच जोडलं." काकांच्या आवाजात नाही म्हटलं तरी थोडा ताठा आला. "दोन असलेले बरे. बाहेरचं कोणी शिरायला नको."

हेल्पलाइनची मुलगी हळूच म्हणाली, "काका, कोणीच शिरत नाहीये. तुमची मुलगीही नाही. तुम्ही आतल्या राउटरचे दरवाजे उघडलेत, पण बाहेरचा बंदच आहे. ती पहिल्या दारापाशी येते आणि तिथूनच परत जाते."

काका खुर्चीवर बसले. इतके रविवार ती दारापाशी येत होती. आणि कुलूप कोणी लावलं होतं?

"आता काय करू?"

"तुमचा राउटर मधून काढून टाका. कन्सोलची वायर सरळ आमच्यात लावा. मग मी सांगते ती सेटिंग चालू करा. खेळ सुरू झाला की लागेल तेवढाच रस्ता राउटर आपणहून उघडतो, संपला की मिटतो."

"आपणहून उघडतो?" काका म्हणाले. "अशा कुलपाला आमच्या धंद्यात बिघडलेलं म्हणतात, बाळ."

"काका, काढताय ना?"

काकांचा हात जुन्या राउटरवर होता. आयुष्यभर त्यांनी दारावरचं एक कुलूप कमी केलं नव्हतं. स्वतःच्या तर नाहीच. बायको समोर उभी होती. ती वाकली आणि तिनंच वायर उपटली.

सेटिंग झाली. कन्सोलनं नवा शब्द दाखवला, 'खुला'. काकांनी आभार मानले की नाही हेही त्यांना नंतर आठवेना.

पण बारकीचं नाव पडद्यावर काळवंडलेलं होतं. ती आलेलीच नव्हती. काकांनी मेसेज केला, 'नेट झालं. ये ना.' उत्तर नाही. 'चूक माझीच होती. दोन राउटर लावले होते.' उत्तर नाही. दुपार कलू लागली. बायकोनं ताटं वाढली आणि तशीच झाकून ठेवली. ती पिशवी काढून त्यात कपडे भरू लागली, कोणाला काही न विचारता. काका कंट्रोलर मांडीवर घेऊन पडद्याकडे बघत होते. त्यांनी पुन्हा लिहिलं, 'एकच शर्यत. मग हवं तर झोप.'

नाव उजळलं.

काकांनी बोलावणं धाडलं. या वेळी जोडलं गेलं. शर्यतीच्या रेघेवर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. हिरवा दिवा लागला, बाकीच्या गाड्या धुरळा उडवत गेल्या. बारकीची जागची हलली नाही. काकांनीही हलवली नाही. हेडफोनमध्ये फक्त तिचा श्वास येत होता.

"बारके."

"हं."

"काय चाललंय?"

ती म्हणाली, "काही चालत नाहीये, बाबा. उठवत नाही. पडदेसुद्धा उघडले नाहीत. खूप वाईट वाईट विचार येतात."

काकांनी बायकोला हातानं खुणावलं. बायको येऊन त्यांच्याजवळ बसली, हेडफोनची एक बाजू तिनं आपल्या कानाकडे ओढली. दोघांची डोकी एकमेकांना लागली. पडद्यावर शर्यत संपली, दोघंही बाद अशी पाटी आली. बारकी रडत रडत बोलत राहिली, तुटक तुटक, कधी कामाचं, कधी त्या माणसाचं, कधी नुसतंच. मध्ये कोणी तोडलं नाही.

शेवटी आईनं माइक आपल्याकडे वळवला. "मी निघतेय. रात्रीची गाडी आहे. नको म्हणालीस तरी निघतेय. मी पोचेपर्यंत बाबांशी बोलत राहायचं, कळलं? ते उठणार नाहीत इथून."

काकांनी कंट्रोलर घट्ट धरला.

"नको," बारकी म्हणाली. मग थांबली. नाक ओढलं. "इथे किती वाजता पोचते ती गाडी?"