ट्रॅककडे पाठ करून उभा राहणारा माणूस

"कान खोटं बोलत नाही. खोटं बोलतं ते तोंड."

हे वाक्य ओविदिओ मालागोली दिवसातून एकदा तरी म्हणायचाच. कॉफी कडू लागली तरी म्हणायचा, कुणी निवडणुकीला उभं राहिलं तरी म्हणायचा. पियेवेसोत्ता गावात ते इतकं मुरलं होतं की शेजारणी भांडतानाही एकमेकींना ते सुनवायच्या, आणि कुणाचं वाक्य आहे हे विसरून जायच्या.

त्याचा धंदाच कानाचा होता. आमच्याकडे चीजच्या वखारी असतात. चाळीस-चाळीस किलोची चाकं जमिनीपासून छतापर्यंत फळ्यांवर रचलेली असतात आणि वर्षभर गुपचूप मुरत पडतात. वर्ष भरलं की हातोडीवाला येतो. तो प्रत्येक चाकाला वरून, खालून, कडेने हलके ठोके देतो आणि ऐकतो. आत फट असली, पोकळी असली, तर तेवढ्या जागी आवाज बसतो. भरीव चाकावर तापल्या लोखंडाची मोहोर उठते, पोकळ चाक बाजूला जातं. ओविदिओने हे काम बेचाळीस वर्षं केलं. हातोडी सासऱ्याची होती, आणि पहिल्या दिवशी सासऱ्याने एकच गोष्ट शिकवली होती, "पोरा, डोळे मीट. चाक दिसायला लागलं की ऐकू येणं बंद होतं."

ती शिकवण तो वखारीबाहेरही घेऊन गेला.

गावाच्या कडेला शर्यतीच्या लाल गाडीच्या कारखान्याचा सरावाचा ट्रॅक आहे. ट्रॅकला जाळीचं कुंपण, कुंपणाला लागून कालव्याचा बांध. जानेवारी संपता संपता नवी गाडी पहिल्यांदा बाहेर निघते, त्या दिवशी गाव हातातलं काम टाकून बांधावर जमतं. न्हावी अर्धी दाढी तशीच सोडून येतो आणि त्याच्यामागून ती अर्धी दाढीही येते. सगळे जाळीला नाक लावून उभे राहतात. ओविदिओ मात्र ट्रॅककडे पाठ करून उभा राहायचा, तोंड बिटाच्या उघड्या शेतांकडे, हात कोटाच्या खिशात, डोळे मिटलेले. जुने फोटो बघा. तीस-चाळीस टोप्यांच्या पाठी दिसतात आणि मधोमध एकट्या ओविदिओचा चेहरा.

गाडी चार-पाच फेऱ्या मारून आत गेली की सगळे त्याच्याकडे वळायचे. तो एकच शब्द बोलायचा. "भरीव," किंवा "पोकळ."

भरीव म्हणाला की निवेसच्या कॉफीच्या दुकानावर, वरच्या खिडकीतून लाल गाडीच्या चाहत्यांच्या क्लबचा झेंडा सोडला जायचा. चार खाटा झाकतील एवढा लाल झेंडा. पोकळ म्हणाला की पहिली शर्यत जिंकेपर्यंत झेंडा पेटीत. एका वर्षी सगळी वर्तमानपत्रं नव्या गाडीच्या नावाने नाचत होती, आणि ओविदिओने बांधावर पोकळ म्हटलं. लोक चिडले. चौथ्या शर्यतीत इंजिन भर रस्त्यात फुटलं, तेव्हापासून त्याला कुणी नावाने हाक मारली नाही. तो उस्ताद झाला.

तो दोनदा चुकलाही होता. ते गाव विसरलं होतं. त्याच्या मात्र दोन्ही तारखा पाठ होत्या.

दोन वर्षांपूर्वी वखारीत चाकाच्या आरपार बघणारं यंत्र आलं. मालकांनी ओविदिओला मानाचं जेवण दिलं, टाळ्या वाजवल्या, आणि हातोडी घरी नेऊ दिली. ती कोटाच्या उजव्या खिशात गेली, ती तिथेच राहिली. त्या दिवसानंतर त्याच्या कानाला वर्षातून एकच दिवस काम उरलं होतं, जानेवारीतला. हे तो कुणाला बोलला नाही, पण निवेसला ठाऊक होतं. दुकानदारणीला न सांगता बरंच ठाऊक असतं.

आणि यंदाच्या हिवाळ्यात शर्यतीचे नियम बदलले.

असे तसे नाही, मुळापासून. गाडी आखूड झाली, अंगाने हलकी झाली. वाऱ्याने गाडी जमिनीला दाबून धरणारे तिचे पंख सरळ रस्त्यावर निजायचे आणि वळणावर उठायचे. इंधन वेगळं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, गाडीचा निम्मा जोर इंजिनाचा, निम्मा बॅटरीचा. निवेसच्या दुकानात डिसेंबरभर दुसरा विषय नव्हता. बाहेर हात पुढे केला तर बोटं दिसू नयेत असं धुकं, आत लाम्ब्रुस्को वाइनचे पेले, आणि टेबलावर लोरेत्ताचे कागद.

लोरेत्ता बेर्गोंझिनी गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिने नवे नियम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले होते, पेन्सिलीने खुणा करून. क्लबचा अध्यक्ष आमोस याने एकही पान वाचलं नव्हतं, म्हणून तो जास्त बोलायचा.

"बॅटरी म्हणे! माझ्या दाढीच्या यंत्रातही बॅटरी आहे. त्याची शर्यत लावायची का?"

"तुझ्या दाढीचा वेग बघता पहिला नंबर तुझाच," निवेस पेले पुसत म्हणाली.

लोरेत्ता ओविदिओकडे सरकली. "काका, एक सांगू? या वर्षी आवाज फसवणार आहे. बॅटरी भरायला ते वळणावरसुद्धा इंजिन चढं ठेवणार. आणि बॅटरी संपत आली की सरळ रस्त्यावर पेडल पूर्ण दाबलेलं असतानाही गाडी मध्येच दमल्यासारखी होईल."

ओविदिओने कॉफीत साखर घातली. नेहमीपेक्षा एक चमचा जास्त.

"बाई, तू कागद वाच. वळणावर इंजिन चढं ऐकू आलं तर त्याचा अर्थ एकच. पेडल अडकलंय आणि आत बसलेला देवाचं नाव घेतोय."

"पण काका, लिहिलंय तसं."

"कागदाला कान असतात का?"

दुकान हसलं. लोरेत्तानेही हसून कागद गोळा केले. त्या रात्री ओविदिओ बराच वेळ जागा होता, पण हेही तो कुणाला बोलला नाही.

गाडी निघायचा दिवस उजाडला तेव्हा धुकं जरा विरळ झालं होतं. बांधावर इतकी माणसं की कालव्यातली बदकंही पलीकडच्या काठाला गेली. निवेसने झेंडा बगलेत घडी करून आणला होता. आमोसने नवी टोपी घातली होती. ओविदिओ आपल्या जागी गेला, कुंपणाच्या तिसऱ्या खांबाजवळ, आणि पाठ करून उभा राहिला. माणसांनी त्याच्याभोवती हातभर जागा मोकळी सोडली. सवयच होती ती. कुणी खोकलाही दाबून धरला.

दूरवर दरवाजा सरकल्याचा आवाज झाला. मग इंजिन.

पहिली फेरी हळू होती, तिच्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या फेरीला गाडी मोकळी सुटली. ओविदिओने डोळे घट्ट मिटले. सरळ रस्त्यावर आवाज चढत गेला, चढत गेला, आणि मध्येच, जिथे तो सगळ्यात वर जायला हवा तिथे, गळा दाबल्यासारखा बसला. ओविदिओच्या कपाळाला आठी पडली. चालकाने पेडलवरून पाय उचलला म्हणावं तर उचलल्याचा आवाज नाही. आणि पुढे ते डावं वळण, बांधाला सगळ्यात जवळचं, जिथे इतकी वर्षं इंजिनाने मान खाली घातली होती. तिथे त्याने मान वर काढली आणि ते किंचाळलं.

ओविदिओचे हात खिशातून बाहेर आले.

"पेडल अडकलं!" तो ओरडला. "मागे व्हा! सगळे मागे व्हा! येतोय तो अंगावर!"

आणि तो वळला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ट्रॅककडे तोंड करून उभा राहिला, दोन्ही हात पसरून, जणू गाडी त्याच्या छातीने अडणार होती. लोक एकमेकांच्या अंगावर पडत मागे सरले. कुणाची टोपी कालव्यात गेली. न्हाव्याने आईचं नाव घेतलं.

गाडी वळणावर आली, मांजर खुर्चीच्या पायाला वळसा घालते तशी वळली, आणि निघून गेली.

बांधावर पडलेले उठून उभे राहिले. मग मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि लगेच हसू टोपीत दाबलं.

तिसरी फेरी आली. पुन्हा तेच, सरळ रस्त्यावर दमछाक, वळणावर किंचाळी. चौथीलाही तेच. ओविदिओ जाळीला बोटं अडकवून बघत होता. गाडी त्याच्या समजुतीपेक्षा लहान होती. पंख निजायचे, उठायचे, पाण्यावर उतरणाऱ्या बगळ्यासारखे. सुंदर होती ती. त्याला वाटलं, किती वर्षं या गोष्टींकडे आपण पाठ करून होतो. आणि लगेच दुसरंही वाटलं, की आता दिसते आहे तोवर ऐकू काहीच येत नाहीये.

गाडी आत गेली. सवयीप्रमाणे सगळे त्याच्याकडे वळले. पण या वेळी नजरा वेगळ्या होत्या. आजारी माणसाच्या खाटेशी उभं राहून बघतात तशा.

आमोसने घसा साफ केला. अध्यक्षाचं काम त्याला उत्तम जमायचं. "ऐका सगळ्यांनी! उस्तादांचा कान आपल्यापुढे धावतो. आज ओरडले ते आजचं नव्हे, पुढचं ऐकून ओरडले. ही गाडी एखाद्या शर्यतीत पेडल अडकून जाणार, लिहून ठेवा. म्हणजे पोकळ. होय ना, उस्ताद?"

माणसं माना डोलवू लागली. त्यांना ते हवंच होतं. कुणालाच त्या बांधावर म्हातारा झालेला ओविदिओ बघायचा नव्हता. एक शब्द बोलला असता तर झेंडा पेटीत गेला असता, किंचाळीची भविष्यवाणी झाली असती, आणि उस्ताद उस्ताद राहिला असता. गाडी हरली तर त्याचं खरं. जिंकली तर गाव विसरलं असतं, मागच्या दोन वेळांसारखं.

ओविदिओने लोरेत्ताकडे पाहिलं. कागद तिच्या पिशवीत होते, पिशवीचं तोंड तिने मुठीत आवळून धरलं होतं.

"नाही," ओविदिओ म्हणाला.

"नाही म्हणजे? भरीव?"

"भरीव नाही, पोकळ नाही. मला माहीत नाही."

हा शब्द त्याच्या तोंडून गावाने कधी ऐकला नव्हता. आमोसने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"मी चुकलो," ओविदिओ सावकाश म्हणाला. "पेडल अडकलं नव्हतं. बाईने महिनाभर आधी सांगितलं होतं मला, सगळ्यांसमोर. मी तिची थट्टा केली." त्याने खिशातून हातोडी काढली. "दोन महिन्यांच्या चाकाला हातोडी मारली तर काय ऐकू येतं, माहितेय? हातोडीच. चाक अजून बोलायलाच शिकलेलं नसतं. सासऱ्याने मला पहिलं वर्षभर कुठल्याच चाकाला हात लावू दिला नव्हता. ही गाडी कच्ची आहे, आणि तिच्यापुढे मीही कच्चाच आहे."

"मग झेंड्याचं काय करू?" निवेस म्हणाली. "वर की पेटीत? माझा हात अवघडलाय उस्ताद, लवकर सांगा."

"त्याला विचारू नका," मागून न्हावी पुटपुटला. "तो परत ओरडेल."

या वेळी लोक मोकळेपणाने हसले, आणि ओविदिओच्या मिशीतही काहीतरी हललं. तो लोरेत्ताजवळ गेला.

"बाई, उद्याही गाडी निघणार म्हणतात. तू इथे माझ्या बाजूला उभी राहा. जाळीकडे तोंड करून. इथे बॅटरी भरतायत, इथे सोडतायत, असं बोलत राहा. मी पाठ करतो आणि ऐकतो. किती दिवस लागतील ते लागोत."

"उद्या मला शाळा आहे, काका."

"मग परवा."

"परवाही शाळा आहे. चारनंतर येते." तिने पिशवीची मूठ सोडली. "पण एक अट. कागदाला कान असतात का, असं पुन्हा विचारायचं नाही."

"कानाला खडा," म्हणत त्याने दोन बोटांनी स्वतःची कानाची पाळी धरली.

मग तो बांधावरून चालू लागला, गावाच्या उलट्या बाजूला, जिकडे धुकं अजून दाट होतं. रोजच्या फिरण्याचा रस्ता त्याने बदलला नाही. हातोडी हातातच होती. प्रत्येक खांबापाशी तो थांबे, एक ठोका देई, कान देई, आणि पुढे जाई. खांब लोखंडी होते, त्यांचं काही मुरायचं बाकी नव्हतं, पण तो घाईत नव्हता.

आमोस आणि बाकीचे कॉफीला वळले. लोरेत्ता शाळेच्या घंटेसाठी धावली. निवेस मात्र बांधावर उभी राहिली, बगलेतला झेंडा ना उलगडलेला, ना पेटीत ठेवलेला. तिला ओविदिओची पाठ दिसली, मग नुसता कोट दिसला, मग तोही नाही. खांबांवरचे ठोके तेवढे येत राहिले. ती ते मोजत नव्हती. नुसती ऐकत होती, आणि कधी नव्हे ते तिने डोळे मिटले होते.