नलूचे टोपवाले जलपिसू

"मावशी गेली... झोपेतच," नलूच्या भाच्याचा फोन आला, तेव्हा रडू फुटायच्या आधी माझ्या मनात आलं, आता तिच्या बरण्यांचं पाणी कोण बदलणार? त्याला महिना होऊन गेला. आता नलू आठवली की हसूच येतं.

ठाण्याच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची, मी वनस्पतिशास्त्र. निवृत्तीनंतर मी बाळकुमला नातवंडांत रमले आणि नलूने डोंबिवलीच्या गॅलरीत काचेच्या बरण्या मांडून त्यांत जलपिसू पाळले. तळ्याच्या पाण्यात तरंगणारे, टाचणीच्या डोक्याएवढे जीव. काही बरण्यांत ती साधं पाणी घाली, काहींत मासे ठेवलेल्या टाकीतलं. माशाचा नुसता वास लागला, की होणाऱ्या पिल्लांच्या डोक्यावर टोकदार टोप उगवतो. माशाला गिळायला अवघड जावं म्हणून.

"मग सगळेच कायम टोप का घालत नाहीत?" मी एकदा विचारलं.

"अगं, टोप काय फुकट येतो? त्यात ताकद गेली की अंडी कमी. मासे नसतील त्या तळ्यात गोल डोक्याचेच वाढणार. पण पिढ्यान्पिढ्या माशांच्या धाकात काढल्यावर टोप अंगातच मुरतो का, मासे नसले तरी उगवतो का, ते मला बघायचंय."

डेंग्यूच्या दिवसांत शेजाऱ्यांनी तक्रार केली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हात्रे तावातावाने आले. "मॅडम, साचलेलं पानी ठेवायचं नाय. आजच ओता."

नलूचा चेहरा उतरला. कितीतरी पिढ्या जपल्या होत्या तिने. पण वाद न घालता तिने एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि म्हणाली, "ओतते. आधी एकदा बघा तर." म्हात्रे वाकले... ते वाकलेलेच राहिले.

"आयशप्पत! काळीज धडधडताना दिसतंय याचं! आनि पोटात पोरं?"

बरण्यांना मच्छरदाणीचं कापड बांधायला सांगून ते गेले. पुढच्या रविवारी बायकोला घेऊन हजर! मग आपल्या फिशटँकचं पाणीही तेच आणून देऊ लागले. "इतकी वर्षं शिकवलं, पण असा विद्यार्थी नव्हता मिळाला," नलू मला फोनवर खिदळत सांगायची.

फ्लॅट रिकामा करताना भाच्याने बरण्या आणि सूक्ष्मदर्शक म्हात्र्यांनाच दिलं. परवा मी त्यांच्या घरी गेले, तर खिडकीत सगळं नीट मांडलेलं. माशांच्या पाण्यातले काही जलपिसू म्हात्र्यांनी साध्या पाण्यात हलवले होते. नलूने राहून गेलेलं काम सांगून ठेवलं होतं म्हणे.

"बघा, नवीन पोरांना अजून टोप हाय!"

"एवढ्यात काही ठरत नाही हो. आईला माशांचा वास लागलेला असतो, त्याचाही असर पिल्लांवर येतो. आणखी बऱ्याच पिढ्या जाऊ द्याव्या लागतील."

"जाऊ द्या की," सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता म्हात्रे म्हणाले, "मला कुठं जायचंय?"