मशीनमधलं कोटाचं बटण

काही घरांत किस्से माणसांचे असतात. आमच्या घरात ते एका वॉशिंग मशीनचे आहेत. लग्न असो, बारसं असो, चार नातेवाईक टेकले की कुणीतरी म्हणणारच, "सुमे, ती नाचणारी मशीन सांग गं!" मग मी एक सांगते, दादा दुसरा सांगतो, आणि असे सांगून सांगून ते किस्से फुगलेत. थोडा मीठमसाला माझाही आहे, नाही कशाला म्हणू? आईचा स्वयंपाक मला जमला नाही, निदान एवढं तरी जमतं.

पण आधी बाबा सांगायला हवेत. बाबा हैदराबादच्या एका सरकारी कारखान्यात फ्रिज तपासायचे. इन्स्पेक्शनचे साहेब! त्यांचा शिक्का पडल्याशिवाय फ्रिज गेटबाहेर जात नसे. मग देशाची दारं उघडली, कोटी बाजारातल्या दुकानांत परदेशी माल चकाकायला लागला, सगळे खूश झाले आणि बाबांच्या कारखान्यात व्हीआरएस आली. बाबा घरी बसले. सकाळी भोंग्याच्या वेळेला इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायचे आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसायचे. बोलायचे नाहीत. विचारलं तर 'हं', नाही विचारलं तर तेही नाही.

"माणूस घरात हाय बी आणि न्हाई बी," आई मला म्हणायची. तिला तेव्हा एकच काळजी होती. हा माणूस पुन्हा बोलता कसा होईल?

* * *

तर मशीन आली. पुढून दार उघडणारी, गोल काचेची. आईचं मनगट दुखायचं म्हणून बाबांनीच आणली. जामबागच्या आमच्या गल्लीत तशी मशीन कुणी पाहिली नव्हती. लोक बघायला येत, आणि आई त्यांना चहा देई.

बाबांनी आल्या आल्या तिची तपासणी केली. माहितीपुस्तक उघडायचा प्रश्नच नव्हता. मागच्या बाजूला त्यांना मोठे बोल्ट दिसले, जरासे ढिले. "बघ! माल असा सोडतात बाहेर!" म्हणून त्यांनी ते पान्याने करकचून आवळले आणि समाधानाने हात पुसले.

ते बोल्ट प्रवासात आतला ड्रम हलू नये म्हणून लावलेले होते. घरी आल्यावर काढून टाकायचे असतात!

मशीन सुरू झाली. आधी गुरगुरली, मग थरथरली आणि पाणी पिळायच्या वेळेला चक्क चालायला लागली. न्हाणीघराच्या या भिंतीपासून निघाली ती थेट दारापर्यंत. दार आतून बंद झालं आणि आई आत! आम्ही बाहेरून दार ढकलतोय, आतून धाड धाड आवाज, आणि त्यात आई ओरडतेय, "अहो, ही माझ्या अंगावर यायलीय!"

शेवटी आईनेच तिच्यावर बसकण मारली. मशीन थांबेपर्यंत आई तिच्यावर बसून होती, पदर खोचून, दोन्ही हातांनी कडा धरून. दार उघडलं तेव्हा ती म्हणाली, "वरात झाली माझी. आता उतरवा."

बाबा हसले. कारखाना सुटल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता भिंतीला टेकले. मग कपाटातून कारखान्याचा खाकी शर्ट काढला, अंगात घातला आणि पाना घेऊन मशीनमागे शिरले. आतून बोलत होते, "अगं, दहा नंबरचा दे. अगं, बॅटरी धर." संध्याकाळपर्यंत नुसते बोलत होते.

आई बॅटरी धरून उभी होती. तिच्या तोंडाकडे कुणी बघितलं नाही. बघायला हवं होतं.

* * *

आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड. मशीनला कुठे ठाऊक! ती वाट बघत घुं घुं करत बसायची. मग बाबांनी तोडगा काढला. साबणाचा खण उघडायचा आणि मगाने पाणी ओतायचं. आई ओतायची, बाबा काचेतून बघून हुकूम सोडायचे, "अजून. अजून एक. बस!"

खालच्या मजल्यावर शहनाज आपा राहायच्या. गौलीगुड्याच्या एका शिंप्याकडून कोट-शेरवान्या घरी आणून काजं-बटणं करायच्या. त्या एकदा जिना चढून वर आल्या आणि दारातच थबकल्या.

"भाभी, ये क्या कररैं?"

"पाणी पाजतेय तिला."

आपांनी कपाळावर हात मारला. "अल्ला! इत्ते पानी में तो मैं तुम्हारे सब कपडे धो को सुखा को देती थी!"

* * *

आणखी एक. आई कपडे आधी हाताने धुवायची आणि मग मशीनमध्ये टाकायची! दादाने पकडलं तिला. "आई, मग मशीन कशाला आणली?"

"लोकाच्या देशातली हाय ती," आई म्हणाली. "तिला आपल्या मळक्या कॉलरी कशाला दाखवायच्या?"

* * *

पहिला खरा बिघाड झाला तेव्हा दुकानाने माणूस पाठवला. टाय घातलेला! बाबांनी त्याला कारखान्यात नवीन पोरांना विचारायचे तसे प्रश्न विचारले. तो बिचारा गोंधळला. पंप उघडूनही न बघता म्हणाला, "पूरा पंप बदलना पडता साब. अब रिपेर कोई नै करता. निकालो, नया डालो."

बाबांनी त्याच्या टायकडे बघितलं. मग म्हणाले, "हौ. हमकू भी वैसाइच किए."

त्याला काही कळलं नाही. तो चहा पिऊन गेला. तो गेल्यावर बाबांनी खाकी शर्ट चढवला. पंप उघडला, तर आत आईच्या ब्लाउजचा हुक अडकलेला! आईच्या क्रोशाच्या सुईने त्यांनी तो काढला आणि उंच धरून म्हणाले, "याच्यासाठी नवा पंप!" त्या दिवशी ते जेवतानाही बोलत होते, आणि रात्री आपल्या जुन्या सोबत्यांची नावं घेऊन आईला गोष्टी सांगत होते.

* * *

त्यानंतर मशीन वरचेवर बिघडायला लागली. पाणी बाहेर जाईना, नाहीतर आतून खडखड. महिना गेला की काहीतरी आहेच.

दुरुस्तीच्या दिवसाचा आमच्याकडे सणच व्हायचा. बाबांचा खाकी शर्ट. आईने हत्यारं पूजेच्या सामानासारखी ताटात मांडलेली. कारखान्यात चहा यायचा त्या वेळेला चहा, आणि दुपारी जेवण ताटात नाही, डब्यात! बाबांचा तोच जुना तीन खणांचा डबा. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून बाबा डबा खायचे आणि आई समोर पाटावर. ती भोंगासुद्धा करायची तोंडाने! "जेवायची सुट्टी झाली हो साहेब!"

आणि प्रत्येक वेळेला पंपातून काय निघायचं? बटण. साधंसुधं नाही. काळं, जाड, चार भोकांचं, कोटाचं बटण!

आता आमच्या घरात कोट कुणाकडेच नव्हता. हैदराबादच्या उन्हात कोट घालतो कोण? बाबांनी इन्स्पेक्शनच्या थाटात निकाल दिला, "परदेशी कामगार. थंडीत कोट घालून काम करतात. मशीन जोडताना बटणं पडलेली असणार आत. एकेक करून बाहेर यायलीत."

"इतकी?" दादा म्हणाला. "त्याचा कोट उघडाच राहिला असेल की मग!"

आम्ही पोट धरधरून हसलो. बाबा मात्र बटण पुसून काचेच्या बरणीत टाकायचे. पुरावा म्हणून! आणि परदेशी कामगाराला शिव्या देऊन झाल्या की मोर्चा आईकडे वळायचा. "तू तरी बघून टाकत जा कपडे! लक्ष कुठं असतं तुझं?" प्रत्येक वेळेला. आमच्या सगळ्यांच्या देखत.

आई खाली मान घालून ऐकून घ्यायची. "चुकलं हो," म्हणायची.

* * *

पुढे दादाला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. जुनं द्या, नवं घ्या अशी कुठलीशी स्कीम होती. तो आईला म्हणाला, "ही खटारा देऊन टाकू. निम्मे दिवस उघडी पडलेली असते, आणि तू हाताने धुतेस. हात बघ तुझे."

खरंच, आईच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. माझं लग्न होऊन मी सिकंदराबादला गेले होते, दर रविवारी यायचे आणि येताना मलम आणायचे. आई ते लावायची आणि पुन्हा पाण्यात हात घालायची.

"नक्को," ती दादाला म्हणाली. "ह्यांना सवय झालीय हिची."

"बाबांना? कपडे तू धुतेस!"

"हौ. पण नवी बिघडंल का न्हाई, काय भरवसा?"

दादाला हे इतकं आवडलं की तो ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटला. बिघडण्याची गॅरंटी मागणारं गिऱ्हाईक! आम्हीही हसलो. किती हसलो आम्ही त्या घरात!

* * *

आई फार दिवस आजारी पडली नाही. तापाचं निमित्त झालं आणि गेली.

दिवसकार्य आटोपल्यावर शहनाज आपा वर आल्या. बाबांसमोर बसून डोळे पुसले. काहीतरी बोलायचं म्हणून जुन्या आठवणी काढत होत्या.

"बहोत अच्छे थे भाभी. नीचे आते थे तो एकइच चीज मांगते थे. 'आपा, कोट का एक बटन देव.' मैं बोलती, कायकू होना भाभी? तो खाली हंसते थे. मेरे दर्जी के कित्ते बटनां ले को गए की!"

दादाने माझ्याकडे बघितलं, मी बरणीकडे. ती कपाटावर होती, गळ्यापर्यंत भरलेली.

बाबा म्हणाले, "सुमे, आपांना चहा दे."

एवढंच. मी चहा ठेवायला आत गेले आणि गॅसजवळ उभी राहून रडले. तिच्या भेगा आठवल्या, आणि तिचं ते 'चुकलं हो'. तिला एकदा, फक्त एकदा, कुणीतरी विचारायला हवं होतं. चहा उकळून आटला, तरी मी तिथेच उभी होते.

* * *

त्यानंतर मशीन बिघडली नाही. एकदाही नाही! अशी गुणी झाली की विचारू नका. बाबा रोज दोन शर्ट टाकायचे, रोज ते स्वच्छ निघायचे. दर आठवड्याला पंपाचं झाकण उघडून बघायचे. आत काही नसायचं. पुन्हा इस्त्रीचा शर्ट, पुन्हा गॅलरीतली खुर्ची, पुन्हा 'हं'.

मागे एका रविवारी मी गेले, तर बाबा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले होते. मांडीवर ती बरणी.

"बाबा, जेवलात का?"

"हं."

मी शेजारी बसले. बराच वेळ दोघंही त्या गोल काचेकडे बघत होतो. मग बाबांनी बरणीचं झाकण फिरवलं, दोन बोटांनी एक बटण काढलं, सवयीने शर्टाला पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"तू टाक," म्हणाले. "मी टाकून बघितलं. मी टाकलं की मला म्हाईत असतंय."

मी बटण मुठीत धरलं.

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. कपाटाकडे गेले. खाकी शर्टाची घडी झटकल्याचा आवाज आला. मग आतूनच म्हणाले,

"पण कधी टाकलंस ते सांगू नक्को."