साडेपाचवाल्या मॅडम

भिलाईच्या त्या खासगी इस्पितळातल्या नर्सेस संघमित्रा मेश्रामला पाठीमागे ‘साडेपाचवाल्या मॅडम’ म्हणत. नाकातून पोटात घातलेल्या नळीतून थोडं पाणी ओढायचं, कागदी पट्टीवर टाकायचं, आम्लाचा आकडा साडेपाच किंवा त्याखाली आला तरच अन्न सोडायचं, असं ती वर्षभर शिकवत होती. मॅडम वॉर्डात असल्या की पट्टी निघायची. एरवी सिरिंजने हवा मारायची, पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा, गुडगुड ऐकू आली की ओतायचं. ही रीत सोपी होती, जुनी होती, आणि बहुतेक वेळा कोणी मरत नसे.

संघमित्रा पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ६ मध्ये वाढलेली, वडील त्याच प्लांटात. धोक्याची पाटी लागली म्हणजे तिथे अपघात होऊन गेलेला असतो, एवढं शहाणपण तिला घरातूनच मिळालं होतं.

त्या सकाळी नर्स रीनाची परीक्षा होती, तीही भाऊरावांच्या खाटेपाशी. भाऊराव दुर्गच्या मोहन नगरातले, रेल्वेतून निवृत्त. लकव्याने त्यांचं गिळणं गेलं होतं, खोकलाही गेला होता. म्हणजे नळी चुकून फुप्फुसात शिरली, तरी ते सांगणार नव्हते.

रीनाने सिरिंज ओढली. काही आलं नाही. भाऊरावांना डाव्या कुशीवर वळवलं, थांबली, पुन्हा ओढली. कोरडीच. नळी किती आत गेली हे दाखवणारी शाईची खूण मात्र बरोबर नाकपुडीशी होती, चिकटपट्टी सुरेख बसलेली.

“सिस्टर, यायच्या पोटात सकाळपासून काई नाई,” त्यांची बायको हिरा डाळीच्या पाण्याचा ग्लास धरून उभी होती. “कावून उशीर करून राहिली वो?”

रीनाने मॅडमकडे पाहिलं. परीक्षकाने बोलायचं नसतं. मग रीनाच्या हातांनी जुन्या सवयीचं काम केलं: हवा, स्टेथोस्कोप, गुडगुड. तिचा चेहरा उजळला. नळी चिमटीत धरून तिने सिरिंजमध्ये डाळीचं पाणी ओतलं आणि हात वर नेला.

“थांब!” संघमित्राने तिच्या चिमटीवरच हात दाबला. “सोडू नको. एक्स-रे.”

“अरे, क्या लगा रखा है?” हिराचा मुलगा राजकुमार पुढे आला. हा प्लांटात फिटर. “आवाज आला ना? मले बी आला होता.”

“तुम्हाला कधी आला?”

राजकुमारने आईकडे पाहिलं. हिराने ग्लास खाली ठेवला.

“मी आंग पुसताना पाइप अर्धा बाहेर आला, मॅडम,” ती म्हणाली. “या सिस्टरले बोलणी बसतीन म्हणून आमी सांगतलं नाई. ह्यानं बसवून देल्ला.”

“पाइपची निशाणी नाकाशी मिळवली,” राजकुमार म्हणाला. लाजावं की मिरवावं, हे त्याचं ठरत नव्हतं. “हवा मारली, कान लावला. तुमच्या सिस्टर करतात तसंच.”

संघमित्राला रागावता येईना. माणूस खोटं बोलत नव्हता. शिकवण त्यांच्याच वॉर्डातली होती, हाताची सफाई तेवढी प्लांटाची.

सिरिंज रिकामी करून रीनाने नळीचं तोंड बंद केलं. एक्स-रेचं यंत्र ढकलत आणलं गेलं. पडद्यावर नळीची पांढरी रेघ छातीत उजवीकडे वळलेली दिसली. पोटाच्या वाटेला ती गेलीच नव्हती.

हिराने तोंडाला पदर लावला.

“मंग आवाज कुठून आला?” राजकुमारने विचारलं.

“फुप्फुसात मारलेली हवासुद्धा पोटावर ऐकू येते. कानाला दोन्ही सारखंच.”

रीनाने नळी अलगद काढली. नवी घातली, पाणी ओढलं. या वेळी आलं. पट्टीवर आकडा चार. एवढ्या वेळात ती पहिल्यांदा नीट श्वास घेत होती. राजकुमार मात्र खाटेची दांडी धरून तसाच उभा.

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “त्या खिडकीजवळच्या ठकूबाईचा पाइप बी सकाळी सरकला होता. तिची सून रडून राहिली होती...”

“तुम्ही बसवला?”

“मदत केली.”

संघमित्रा वॉर्डात कधी धावत नसे. धावणाऱ्या नर्सला ती स्वतः रागवायची. त्या सकाळी ती धावली. खिडकीजवळ सुनेच्या एका हातात सिरिंज होती, दुसऱ्यात दुधाचा ग्लास. संघमित्राने आधी ग्लास हिसकावला, मग आत पाहिलं. काठोकाठ भरलेला.

“एक घोट तरी दिला का?”

“नाई जी,” सून घाबरून म्हणाली. “तुमचं भांडण पाहता पाहता राहूनच गेलं.”